फाटक्या आवाजासाठी न फाटणारा स्पीकर

चांगला फाटलेला आवाज ही जबाबदारीची गोष्ट आहे. साधा आवाज कुणीही काढतो. पण गिटारच्या तारेतून निघालेला सज्जन, सुरेल आवाज घ्यायचा, यंत्रात घालून त्याच्या पार चिंध्या करायच्या आणि मग त्या चिंध्या आणखी एक टाकाही न उसवता श्रोत्यांच्या अंगावर फेकायच्या, याला नियोजन लागतं. महाळुंग्यातल्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात असलेल्या प्रज्वल हाकेकडे असं नियोजन होतं. (गिटारही होती.)

प्रज्वल मूळचा लातूरकडचा. दिवसभर गिअरचे दाते मोजून त्याला केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकानेही अस्वस्थ व्हायची सवय लागली होती. संध्याकाळी तो 'रिजेक्शन' नावाच्या बँडमध्ये वाजवायचा. मापात न बसलेला माल कंपनीत ज्या लाल डब्यात टाकतात, त्यावरून हे नाव सर्वानुमते मंजूर झालं होतं. बँडची एकूण सदस्यसंख्या तीन. दुसरी मैत्री, त्याच कंपनीच्या खरेदी विभागातली. ती गायची, म्हणजे डरकाळ्या फोडायची; त्यातले शब्द मराठी असतात असं तिचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढणं कुणालाच जमलेलं नव्हतं. तिसरा ओंकार, महाळुंग्याचाच. घरची बरीच जमीन कंपन्यांखाली गेल्यामुळे त्याच्याकडे ड्रम वाजवायला वेळ होता, आणि वडील कोंडाजी यांची कांद्याची पत्र्याची वखार सरावाला उपलब्ध होती.

बँडमध्ये एकच दोष होता. प्रत्येक गाणं ज्या लयीत सुरू व्हायचं, त्यापेक्षा बरंच घाईत संपायचं. शेवटचं कडवं तर कंपनीची बस सुटत असल्यासारखं जायचं. दोषाचं मूळ शोधताना पाच वेळा 'का?' विचारावं, अशी गुणवत्ता विभागाची पद्धत आहे. प्रज्वलने एकदाच विचारलं, कारण उत्तर समोरच ड्रम बडवत बसलेलं होतं.

"स्नेहसंमेलन झालं की ओंकारला थांबवू," तो कँटीनमध्ये मैत्रीला हळूच म्हणाला. "माझ्या गिटारच्या प्रोसेसरमध्ये तयार ड्रम आहेत. मशीन पळत नाही."

"आणि वखार?"

"वखारीचं बघू."

"शाळेपासून एकाही माणसाने त्याला चुकीचं वाजवतोस म्हटलेलं नाही, प्रज्वल. तो मनाला लावून घेईल."

"म्हणूनच लेखी कळवू," प्रज्वल म्हणाला. त्याला हे खरोखरच सौजन्य वाटत होतं.

स्नेहसंमेलन कंपनीचं होतं आणि चिंचवडच्या एका सभागृहात होणार होतं. 'उत्कृष्ट सूचना पुरस्कार' आणि जेवण यांच्या मधल्या जागेत 'रिजेक्शन'चं एक गाणं मंजूर झालं होतं. त्यासाठी प्रज्वलला स्टेज मॉनिटर हवा होता, म्हणजे स्टेजवर वाजवणाऱ्याच्या पायाशी तिरका, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. पोटातच अँप्लिफायर असलेला. आणि महत्त्वाचं म्हणजे सपाट. सपाट स्पीकर पदरचं काही घालत नाही. जे आत जाईल तेच बाहेर येतं. (बोलणाऱ्या प्राण्यांत हा गुण अद्याप आढळलेला नाही.)

निवडप्रक्रिया कडक होती. चिंचवडच्या दुकानातून एकेक मॉनिटर भाड्याने आणायचा, वखारीत ठेवायचा, आणि प्रज्वलने एकच तुकडा वाजवायचा. इतर दोन सदस्यांनी मत द्यायचं, जे नोंदवून बाजूला ठेवलं जाई. पहिल्या मॉनिटरमधून गिटार शेजारच्या घरात कुणी भजी तळत असल्यासारखी ऐकू आली. दुसऱ्याचा खर्ज असा की कांद्याची टरफलं उडाली, पण तारेवरचे सुटे ठोके एकमेकांत मिसळून त्यांची हवेच्या कॉम्प्रेसरसारखी सलग घरघर झाली. तिसरा उत्तम होता, मात्र त्याच्यासमोरून जरा बाजूला सरकलं की बँड महाळुंग्यातून चाकणला गेल्यासारखा वाटे. या तिघांच्या समितीच्या बैठकांना उपस्थिती शंभर टक्के होती. त्यातले एकतृतीयांश लोक जागे असत.

"प्रज्वल, गाणं कधी वाजवायचं?" मैत्रीने विचारलं.

"निकष ठरू दे."

एकदा कोंडाजी गोण्या बघायला आले आणि कानात करंगळी घालून दारातच उभे राहिले.

"माझ्या ट्रॅक्टरचं बेरिंग गेल्तं, तवा अगदी आसाच आवाज यायचा," ते म्हणाले.

"मग?" प्रज्वलने आदराने विचारलं. त्याला अनुभवी श्रोता मिळाला होता.

"मग काय? दुरुस्त क्येलं आमी."

अखेर एक मॉनिटर पसंत पडला. त्यातून फाटका आवाज इतका स्वच्छ फाटका येत होता की प्रज्वलचे डोळे भरून आले. पण त्याच आठवड्यात चाकणच्या बाजारात कांदा वधारला आणि कोंडाजींनी वखार रिकामी केली. नुसते पत्रे उरले. मऊ गोण्या गेल्याने आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागला, आणि पसंत मॉनिटर एकाएकी कर्कश निघाला. प्रज्वल डगमगला नाही. ध्वनीची गुणवत्ता कांद्याच्या भावावर अवलंबून असते, हा निष्कर्ष त्याने मान्य केला आणि कोंडाजींना विनंती केली, की निवड पूर्ण होईपर्यंत थोडा माल परत आणता येईल का.

"इकलेला कांदा?" कोंडाजी म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

शेवटी ओंकारने घरातल्या गाद्या आणून भिंतींना टेकवल्या. (त्या दिवशी पाहुणे सतरंजीवर झोपले, असं नंतर कळलं.) गाद्यांच्या साक्षीने तोच मॉनिटर पुन्हा पसंत झाला आणि विकत घेण्यात आला. गाण्याचा सराव राहून गेला.

स्नेहसंमेलनाला सगळी कंपनी आली होती. उत्कृष्ट सूचनेचा पुरस्कार 'सूचनापेटी दिसेल अशा ठिकाणी लावावी' या सूचनेला मिळाला, आणि पडदा पुन्हा वर गेला. मॉनिटर प्रज्वलच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून तिरका बसला होता. ओंकारने काठ्या आपटून लय दिली. मैत्रीने डरकाळी फोडली. पुढच्या रांगेतली लहान मुलं आयांच्या मांडीवर चढली.

पहिलं कडवं सरलं आणि प्रज्वलला काहीतरी ऐकू आलं.

एक गिटार पुढे पळत होती. ड्रम जिथल्या तिथे होते, घड्याळासारखे, आणि गिटार प्रत्येक ठोक्याच्या किंचित आधी येऊन उभी राहात होती, रांगेत मधे घुसणाऱ्या माणसासारखी. मग ड्रम बिचारे पाय उचलून तिला गाठत होते. पुन्हा ती पुढे. प्रज्वलने मान वळवून बघितलं, दुसरा कुणी गिटारवाला आहे का. नव्हता.

इतकी वर्षं हा आवाज मोघम ऐकू यायचा आणि त्या मोघमपणात तो निर्दोष होता. आता लपायला जागा नव्हती. काय करावं ते न सुचून त्याने साधी गोष्ट केली. हात आवरला आणि ओंकारच्या ठोक्याची वाट बघितली. ठोका आला, तेव्हाच तारेवर हात मारला. पुन्हा वाट बघितली. सगळं सभागृह एका दणक्याने हललं. मैत्रीने गाता गाता चमकून मागे पाहिलं. एक अख्खं कडवं ते तिघं एकाच ठोक्यावर उभे होते, आणि तसं ते पूर्वी कधीच नव्हते. टाळ्या पडल्या.

विंगेत ओंकार घाम पुसत हसत होता. "भावा, आज थांबलास की रं!"

"तुला माहीत होतं?"

"व्हय. लई दिसापासनं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू पळायचास, मी बी पळायचो मागनं. तुला एकट्याला कसं सोडायचं, राव?" ओंकार म्हणाला. "आन् स्पीकर तर लय भारी हाय. समदं ऐकू येतं."

प्रज्वलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायला तोंडही उघडलं. मग जेवायला बोलावणं आलं.

सोमवारी बसमध्ये मैत्रीने विचारलं, "ओंकारला लेखी कधी कळवतोयस?"

"त्याची लय समाधानकारक आढळली आहे," प्रज्वल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "दोष दुसरीकडे होता."

"कुठे?"

प्रज्वलने दोन वेळा उत्तर जुळवलं, ते खरं होतं, आणि गिळलं.

"स्पीकरमध्ये," तो शेवटी म्हणाला. "गरजेपेक्षा जास्त दाखवतो."

मॉनिटर विकायला काढण्यात आला. सुधारित निकष असा ठरला की यंत्र आवाजाने दणदणीत असावं, पण वाजवणाऱ्याला जरा समजूतदार ऐकू यावं. असे मॉनिटर बाजारात मुबलक निघाले. दुकानदार म्हणाला, खपतात तेच. ओंकार बँडमध्ये कायम आहे. गाणी पुन्हा पूर्वीच्याच घाईत संपतात आणि तो पूर्वीसारखाच मागून पळतो.

प्रज्वलला हसण्यापूर्वी वाचकांनी कृपया खिशातला फोन काढावा आणि काल घरच्यांना पाठवलेला स्वतःचाच एखादा व्हॉइस मेसेज लावून ऐकावा. पूर्ण ऐकावा. 'छे, मी असा कुठे बोलतो, या फोनचा स्पीकरच गेलाय,' असं म्हणून तुम्ही तो अर्ध्यावर बंद केलात, की नवा फोन निवडायचे निकष प्रज्वल कुणालाही विनामूल्य समजावून सांगतो. फक्त थोडं थांबावं लागेल. तुमच्या आधी बरेच लोक आहेत.