साहेबांचं निरोगी रक्त

"बाई, तुमच्या या स्वस्तातल्या टेस्टा आधी कचऱ्यात टाका!" प्रयोगशाळेचे साहेब कडाडले.

टेक्निशियनबाई जागच्या हलल्या नाहीत. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्तदोष हुडकणाऱ्या दोन स्वस्त चाचण्या त्या वर्षभर ताडून पाहत होत्या. एकीत रक्त द्रावणात टाकायचं. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर ठीक, गढुळलं तर दोष. दुसरीत टिपकागदावर थेंब सोडायचा, डाग मधोमध गडद राहिला की दोष. दुपारी समिती येणार होती. ती हो म्हणाली तर शाळाशाळांत जाऊन पोरं तपासता येणार, नाहीतर सगळ्यांनी इथल्या एकुलत्या महागड्या यंत्रापुढे रांग लावायची.

आणि नेमकी आजच माशी शिंकली. समितीला दाखवायला निरोगी रक्त हवं होतं. "माझं घ्या की! जन्मात साधा तापसुद्धा आला नाही," म्हणत साहेबांनी ऐटीत हात पुढे केला होता. त्याच रक्ताने नळी गढूळ!

"द्रावण शिळं असणार."

बाईंनी ताजं बनवलं. गढूळच.

"नळी धुतली नसेल नीट."

कोरी नळी घेतली. गढूळच.

"मग चष्मा बदला तुमचा!"

बाईंनी ड्रायव्हरकाकांना हाक मारली. "काका, मागच्या रेघा दिसतात का?"

"कुठल्या रेघा?" काकांनी विचारलं.

टिपकागदावरचा डागही मधोमध गडद. साहेबांना तर चेवच चढला. "बघा! दोन्ही टेस्टा एकदम बिघडल्या!"

"एकदम कशा बिघडतील, साहेब? दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊ का?"

"म्हणजे माझ्या रक्तावर संशय? घाला यंत्रात! होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

यंत्राने कागद बाहेर टाकला. साहेबांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला आणि मटकन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"बाई, मला आजार आहे?"

बाई जिंकल्या होत्या, पण त्यांना वाईटच वाटलं. "आजार नाही हो. तुम्ही वाहक आहात. आई किंवा वडील, एकाच बाजूने दोष आलाय. तुम्हाला काही होत नाही. मुलांचं मात्र तपासून घ्या, त्यांच्या लग्नाआधी."

दुपारी समितीच्या अध्यक्षबाईंनी थेटच विचारलं, "या चाचण्यांच्या हातून किती वाहक निसटले?"

"एकही नाही," टेक्निशियनबाई ताठ मानेने म्हणाल्या.

"आणि तुम्हा तज्ज्ञांच्या हातून?"

टेक्निशियनबाई छताकडे पाहू लागल्या. साहेब उठून उभे राहिले.

"एक," ते म्हणाले. "तीस वर्षं रोज त्याची दाढी करतोय, तरी निसटला."

समिती पोट धरून हसली. हसता हसताच मंजुरीवर सह्या झाल्या. टेक्निशियनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेबांनी स्वतःच नळ्यांची पेटी उचलली.

"काका, गाडी काढा! आधी माझ्या घरी, मग शाळेत."