बाजार वाढला

एका जंगलात, मुलांनो, एक बाजार भरत असे. जंगल कुठलं ते विचारू नका. तिथे अजून बाजार भरतो असं समजून तुम्ही पिशवी घेऊन निघाल, आणि मग मलाच बोल लावाल.

हा बाजार फार जुना होता. किती जुना, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणाला तशी गरजच पडली नव्हती. ज्याला भूक लागे तो येई, हवं ते घेई आणि घरी जाई. मधोमध एक दगडी खांब होता. तो कुणी उभा केला, कोण जाणे. अस्वलं त्याला पाठ घासत. खांबाच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता आणि त्या दगडावर साळूबाई बसत असे.

साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण बोलणं मऊ. ती कंद विकायची. सुरण, करांदे, कणगर, जे त्या दिवशी उकरून निघेल ते. तिची आईही त्याच दगडावर बसून कंद विकत असे. साळूबाईला दुसरीकडे बसून पाहावं लागलं होतं एकदा, दगडाखाली मुंग्या झाल्या तेव्हा. त्या दिवशी तिनं रानडुकराला करांद्याऐवजी कणगर दिलं आणि सशाला "या मामा" म्हटलं.

"माझा जीव त्या दगडात आहे हो," ती म्हणायची. "तिथून हलले की मला काही सुधरत नाही."

शेजारी घोरपडवहिनी अंडी विकायची. अंडी कुणाची, हे विचारायचं नाही, एवढाच तिचा नियम होता.

सूर्य कलला की टिटवी खांबावर बसून ओरडायची, "बाजार वाढलाऽ! बाजार वाढलाऽ!" मग सगळे आपापली पाटी उचलून घरची वाट धरत.

तुम्ही म्हणाल, वाढला तर घरी कशाला जायचं? अरे, तुमच्या आईच्या हातातली बांगडी फुटते तेव्हा ती काय म्हणते? बांगडी वाढली. देवापुढचा दिवा आपण विझवत नाही, वाढवतो. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणून. तसंच त्या जंगलात बाजार उठला किंवा मोडला असं कुणी चुकूनसुद्धा म्हणत नसे. बाजार संपला, की तो वाढला.

एका हिवाळ्यात त्या बाजारात करकोचेसाहेब उतरले. दरवर्षी ते परदेशातून येत, पण नदीकाठीच राहत. जंगलाची भाषा त्यांना येत होती, पण लांब चोचीत धरून आणल्यासारखी. त्यांनी खांब पाहिला आणि एका पायावर उभे राहिले.

"अहाहा! काय हा खांब!"

"का हो साहेब, पडतोय का?" घोरपडवहिनीनं अंडी मागे सारत विचारलं.

"पडेल कसा? हा तर वारसा आहे! विलायतेत अगदी असंच एक बाजारगाव आहे. मध्ये खांब, शेजारी पडका किल्ला. लांबलांबून पाहुणे बघायला येतात."

"पडका आहे तर दुरुस्त का करत नाहीत?" साळूबाईनं काळजीनं विचारलं.

"दुरुस्त केला तर बघायला कोण येईल? शिवाय तिथे भुताची सहल असते. तिकीट काढून भुताच्या घराभोवती फिरवतात."

"बाई गं! आमच्या विहिरीतलं भूत तर फुकट दिसतं," वहिनी म्हणाली. "आणि नको असलं तरी दिसतं."

"आणि वर्षातून एकदा चीजचं मोठं चाक डोंगरावरून सोडतात. सगळे त्याच्यामागे गडगडत धावतात."

"हातातून सुटतं का?"

"मुद्दाम सोडतात, बाई."

"मग लागत नाही?"

"लागतं तर! तेच बघायला गर्दी होते."

साळूबाईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिला पडलेला प्रश्न तिनं विचारला. "साहेब, त्या बाजारात मिळतं काय?"

करकोचेसाहेब जरा विचारात पडले. "टॉवेल," ते म्हणाले. "बाजाराचं चित्र छापलेला."

तेवढ्यात सूर्य कलला. टिटवी ओरडली, "बाजार वाढलाऽ!"

साहेबांचा दुसरा पाय खाली आला. "काय? वाढला? आजच्या आज?"

"रोजच वाढतो की," वहिनी पाटी आवरत म्हणाली.

"रोज वाढतो! आणि तुम्ही नुसते घरी निघालात? याचं काही नियोजन नको? रस्ते नकोत, फलक नकोत, उत्सव नकोत?"

वहिनीनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. "अहो साहेब, वाढला म्हणजे काय, की आपला... हे झालं. म्हणजे ते नाही का होत, की मग नसतो. म्हणजे वाढला हो!"

खरा शब्द तिला उच्चारता येईना. बाजारातल्या कुणालाच येईना. आणि साहेबांना वाटलं, बिचाऱ्यांना आनंदानं बोलता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले तरसराव. तरसरावांना कुठल्याही वाक्याच्या शेवटी हसायची सवय होती, आणि समितीला असाच अध्यक्ष बरा असतो.

समितीनं कामाला जोर लावला. टेकडीवरचं जुनं वारूळ होतं, त्याला किल्ला म्हणायचं ठरलं. आतल्या मुंग्यांना सैन्य म्हटलं, म्हणून त्याही खूश झाल्या. विहिरीतल्या भुताला वेळ ठरवून दिली. आपल्याकडे चीज नाही, तर टेकडीवरून फणस लोटायचं ठरलं. फणस लोटण्याचा सराव करताना तीन वानरं लंगडी झाली, तेव्हा समितीला खात्री पटली की हा उत्सव चालणार. खांबाभोवती चर खणून त्यात फुलं लावली, आणि अस्वलांना पाठ घासायची बंदी झाली.

पाहुणे येऊ लागले. कुठल्या कुठल्या रानांतून आले. त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे, पण पुढे ते कोण बसलंय? मध्ये मध्ये येतंय."

मध्ये मध्ये येणारे म्हणजे विकणारे होते.

मग तरसराव साळूबाईकडे आले. "साळूबाई, तुमचे कंद फार मातकट दिसतात. हेहेहे."

"मातीतूनच येतात ते, रावसाहेब."

"हो, पण पाहुण्यांना ते दाखवायची काय गरज? आणि तुम्ही बसलात की खांबाचा पाया दिसत नाही. ऐतिहासिक पाया आहे. हेहे."

"माझी आई इथेच बसायची."

"तेच म्हणतोय मी! किती पिढ्या बसल्या! आता पायाला जरा मोकळं व्हायला नको?"

साळूबाईचे काटे उभे राहिले, पण तिनं ते हातानं दाबून बसवले. "मग मी विकू कुठे?"

"विकायचं कशाला? आता बाजार विकण्याच्या पुढे गेलाय. हेहेहे."

साळूबाई उठली. घोरपडवहिनी उठली. ज्यांना बघायला नव्हे, घ्यायला यायचं होतं, ते दोन टेकड्या ओलांडून दुसऱ्या रानात जाऊ लागले. साळूबाईनं एक-दोनदा ओढ्याकाठी पाटी मांडून पाहिली. पण तिचा हात चालेना, कंद ओळखू येईना. घरी पाटीतल्या सुरणाला कोंब फुटले. एके दिवशी बाजारात विकणारा एकही उरला नाही. टिटवीनं भरल्या गळ्यानं हाक दिली, "बाजार वाढला हो! पार वाढला!"

करकोचेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मग वार्षिक उत्सव जवळ आला. सिंहमहाराज प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. महाराजांना खरा बाजार कसा होता, ते दाखवायचं ठरलं. त्यासाठी एक विकणारी हवी होती. तरसराव साळूबाईच्या बिळाशी येऊन वाकले.

"एक दिवस दगडावर बसायचं, साळूबाई. कंद आम्ही देऊ. मातीचे, रंगवलेले. हेहे. कुणाला काही विकायचं नाही, नुसतं विकल्यासारखं करायचं."

"मला माझी जागा परत मिळेल?"

"महाराज खूश झाले, तर त्यांच्याकडे मागा. महाराजांनी हो म्हटलं तर समिती कोण नाही म्हणणारी? आणि महाराज नाराज झाले, तर मात्र..." या वेळी तरसराव हसले नाहीत.

साळूबाई तयार झाली. उत्सवाच्या दिवशी ती पुन्हा आपल्या दगडावर बसली. बसताक्षणी तिला सगळं सुधरू लागलं. कोण भुकेलेला आहे, कोण घासाघीस करील, सगळं चेहऱ्यावरून कळू लागलं. मातीच्या कंदांकडे पाहून मात्र तिला लाज वाटली. त्यांच्यावर एक कणभरही माती नव्हती.

वानरांनी फणस लोटले. भूत वेळेवर आलं. भाषणं झाली, आणि भाषणांवर आणखी भाषणं झाली. सिंहमहाराज सकाळपासून उपाशी होते. फिरत फिरत ते दगडापाशी आले. समोर गुलाबी, गुबगुबीत कंद मांडलेला.

"बाजारात आलो आणि काही चाखलं नाही, असं कसं?" महाराज म्हणाले.

"महाराज, नको, तो..." साळूबाई म्हणेपर्यंत महाराजांनी कंद तोंडात टाकला.

कट्ट!

महाराजांनी जबडा उघडला. पुढचा मोठा पिवळा दात टपकन दगडावर पडला. फणसामागे धावणारी वानरं जिथल्या तिथे थांबली, फणस तेवढे गडगडत गेले.

"काय झालं?" महाराज गुरगुरले. "बोला! काय झालं माझ्या दाताला?"

सगळ्यांनी साळूबाईकडे पाहिलं. आपली जागा गेली, आणि आता बहुधा जीवही जाणार, हे तिला कळलं. पण मुलांनो, वळण ते वळण. राजाबद्दल वाईट शब्द तोंडातून कसा काढायचा?

हात जोडून ती म्हणाली, "महाराज, दात वाढला."

"वाढला?" महाराजांचे डोळे मोठे झाले. "या वयात?"

"वाढला! महाराजांचा दात वाढला!" करकोचेसाहेब आनंदानं ओरडले. मग सगळं जंगल ओरडलं. ज्यांना अर्थ कळला होता ते सगळ्यात मोठ्यानं ओरडले.

महाराजांनी जीभ फिरवून पाहिली. "पण इथे तर नुसती जागा लागतेय."

"येणाऱ्यासाठी जागा झालीय, महाराज! हेहेहे!" तरसराव म्हणाले.

महाराजांना दुखत होतं, पण वाढताना दुखतंच, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. ते प्रसन्न झाले. "साळूबाई, तुझ्या हातानं आम्हाला तारुण्य आलं. माग काय हवं ते."

साळूबाईनं दगडावर हात ठेवला. "महाराज, दुसरं काही नको. माझी ही जागा मला द्या."

"दिली! कायमची दिली! या जागेला यापुढे कुणीही धक्का लावता कामा नये!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी तर रडलीच.

दुसऱ्या दिवशी साळूबाई पहाटेच उठली. चांगले करांदे उकरले. माती मुद्दाम थोडी राहू दिली. पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात आली.

दगडाभोवती जाड दोरखंड बांधला होता. दगड धुऊनपुसून, तेल लावून चकचकीत केला होता. त्याच्या मधोमध मखमली पानावर महाराजांचा दात ठेवला होता. बाजूला फलक होता: 'साळूबाईंची जागा. कृपया बसू नये.' आणि एक रानगवा पहाऱ्यावर उभा होता.

"जरा दोर वर करता का, दादा?" साळूबाई म्हणाली. "मला बसायचंय."

"वाचता येतं ना, बाई?"

"येतं. पण साळूबाई मीच आहे."

गवा दमल्यासारखा हसला. "सकाळपासून तुम्ही चौथ्या. मघाशी तर एक मुंगूस म्हणत होतं, मीच साळूबाई."

"अहो, महाराजांनी मला दिलीय ही जागा. कायमची."

"म्हणून तर दोर बांधलाय. कायमची ठेवायची तर कुणी बसून कसं चालेल?" गवा स्वभावानं चांगला होता. त्यानं तिची पाटी उतरवायला मदत केली. "आलाच आहात तर बघून घ्या की. आज प्रवेश सगळ्यांना खुला आहे. मागे गर्दी आहे, फक्त फार वेळ थांबू नका."

साळूबाई दोराशी उभी राहून बघू लागली. फुलं उमलली होती. दगडावर कोवळं ऊन पडलं होतं. तिलाही कबूल करावं लागलं, की जागा फार सुंदर दिसत होती. ती तिथे बसत होती तेव्हा तिला ती कधी अशी दिसलीच नव्हती.

तात्पर्य: मुलांनो, आपली जागा कायमची राहावी असं वाटत असेल, तर आधी तिच्यावरून उठायला शिका.