अन्सेल्मकाकांची जीभ

टाकीतल्या आंबत्या रसात तरंगणारी घनतामापकाची काचनळी एक हजार बारावर थांबली. तिच्या मानेला एक बुडबुडा चिकटला होता. क्लोतिल्दने नळी बोटाने फिरवली. बुडबुडा सुटला, आकडा तोच राहिला.

"बाबा, द्राक्षं आत्ताच दाबायला हवीत. उशीर झाला तर वाइन तुरट होईल."

"त्या काचेच्या काडीला काय कळतंय?" अन्सेल्म अंगणातल्या बाकावर ऐसपैस बसले. "अख्ख्या बोजोले प्रांतात माझ्या जिभेएवढी शहाणी जीभ नाही. दर तासाला चव आण. वेळ झाली की सांगेन."

'वेळ झाली की सांगेन' म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तळघराचा कारभार मुलीकडे कधी देणार, हेही ते नऊ वर्षं असंच सांगत आले होते. इकडे लियों शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हातची वाइनही बिघडली, तर इथे थांबायचं कशासाठी?

क्लोतिल्दने टाकीतून एक जग भरून रस काढून गार पाण्यात ठेवला. मग गुपचूप टाकी दाबयंत्रात रिकामी केली.

अकरा वाजता तिने त्या जगमधला पेलाभर रस अंगणात नेला.

"कच्ची आहे," अन्सेल्म म्हणाले.

"अगदीच कच्ची, काका," शेजारच्या गास्पार पाववाल्याने मान डोलावली. त्यालाही पेला मिळाला होता.

बाराला त्याच जगमधला दुसरा पेला. "आता जरा अंग धरतेय."

एकला तिसरा. "स्ट्रॉबेरी आली. पण लाजतेय."

गास्पारने डोळे मिटले. "लाजतेय खरी."

दोनला चौथा पेला ओठाला लावताच अन्सेल्म ताडकन उठले. "हीच ती वेळ! चला, दाबायला घ्या."

तेवढ्यात तळघरातून टपालवाली सिल्वेत आली. तिचे ओठ जांभळे झाले होते. "काका, यंदाचा स्वर्ग काय उतरलाय! माझा तिसरा पेला."

दाबयंत्राखालच्या पहिल्या गोड रसाला तिथे सगळे स्वर्गच म्हणतात. आणि द्राक्षं दाबल्याशिवाय तो काही ओघळत नाही.

अन्सेल्म क्लोतिल्दकडे वळले.

"कधी दाबलीस?"

"साडेदहाला."

"मग मी काय पीत होतो?"

"सकाळचा एकच जग, बाबा. चारही वेळा."

"मला शंका आलीच होती," गास्पार म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुला ती लाजताना दिसली होती," अन्सेल्म त्याच्यावर खेकसले.

अन्सेल्म तडक तळघरात उतरले. त्यांनी यंत्राखाली पेला धरला, एक घोट तोंडात घोळवला, मग उरलेला पेला संपवला. पुन्हा भरला. क्लोतिल्द पायरीवर उभी होती.

"लियोंवाल्यांना नाही म्हणून कळव," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तळघर आजपासून तुझं. मी आता नुसता पिणार."