कलम सात आणि तेजसचा पाय

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी, असोद्याच्या मैदानावर एक खेळाडू पडला. पडला की पाडला, हा पुढचा प्रश्न. खाली आला एवढं मात्र निर्विवाद आहे, आणि तसं दोन्ही संघांनी सही करून मान्य केलं आहे.

मी गावच्या क्रीडा मंडळाचा सचिव. जळगावात एका कार्यालयात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालो. नंतर गावात नाही नाही ते बोललं गेलं, म्हणून काय घडलं ते क्रमवार मांडतो. मला कुणाची बाजू घ्यायची नाही. बाजू घेणाऱ्यांची आमच्याकडे टंचाई नाही.

सामना 'घड चषका'चा, म्हणजे केळीच्या घडावरून नाव दिलेल्या आमच्या चषकाचा, अंतिम. आमचं असोदा विरुद्ध धुळे जिल्ह्यातलं पिंपळनेर. गोल एकास एक, वेळ संपायला आठ मिनिटं. आमचा तेजस चेंडू घेऊन थेट गोलसमोर शिरला, पिंपळनेरचा एक गडी आडवा आला, दोघांचे पाय एकमेकांत गेले आणि तेजस खाली. शिट्टी वाजली. पाडला असेल तर आम्हाला पेनल्टी, म्हणजे चषक जवळजवळ घरातच. सोंग केलं असेल तर गावाची अब्रू गेली.

मागच्या वर्षी अशाच एका निर्णयावरून मंडपातल्या एकशे दहा खुर्च्या मोडल्या होत्या. म्हणून यंदा मंडळाने, परदेशात करतात तसं, व्हिडिओ पाहून निर्णय द्यायचं ठरवलं. नियमावली मी लिहिली. चौदा कलमं. त्यातलं सातवं मी जुन्या पंचनाम्याच्या नमुन्यातून उचललं, आणि आजही छातीठोकपणे सांगतो, त्यात काना-मात्रेची चूक नाही: 'निर्णय होईपर्यंत घटनास्थळावरील कोणतीही वस्तू वा व्यक्ती हलवू नये.'

पंच होते तोताराम सर, शाळेत पीटी शिकवतात. त्यांनी व्हिडिओ बघायची खूण म्हणून दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला. टाळ्या पडल्या. मग ते हळूच माझ्याकडे आले.

"सचिव, तेजसला बाहेर घ्यायचं का? पाय सुजतोय."

"कलम सात," मी म्हणालो.

सरांनी मैदानाच्या रेषा मारायची फक्की मागवली आणि तेजसच्या भोवती, जसा पडला होता तशी, पांढरी रेघ मारून घेतली. रेघ सुबक आली होती.

"काका, लई दुखतोय हो," तेजस म्हणाला.

"दुखतोय, याची नोंद घेतो," मी म्हणालो, आणि घेतली.

तेजस तेवीस वर्षांचा. वडील नाहीत. आई सुगंधाबाई केळीच्या कापणीला जाते. पोरगा तीन वर्षांपासून पोलीस भरतीच्या मागे लागलाय, रोज पहाटे भादलीच्या रस्त्याने पळतो. दोनदा थोडक्यात हुकला. यंदा एकोणीस तारखेला धुळ्याला त्याचं ग्राउंड होतं, म्हणजे पळायची परीक्षा. ही शेवटची खेप, नाहीतर कापणीच्या टोळीत जायचं, असं घरी ठरलं होतं. या बाबीचा पेनल्टीशी संबंध नसल्याने मूळ टिपणीत मी ती घेतली नव्हती.

तर व्हिडिओ. कॅमेरा पियुषचा. तीन दरपत्रकांत सर्वांत कमी दर त्याचा, आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये माणूस नावाजलेला. पण लग्नाच्या शूटिंगची एक शिस्त असते. बोहल्यावर काहीही चालू असो, मान्यवर मंडपात आले की कॅमेरा तिकडे वळलाच पाहिजे. नाहीतर यजमान पैसे देत नाहीत. आमचे प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा, म्हणजे त्यांच्या मानाने वेळेवर, नेमके चार बावन्नला आले. पियुषने कॅमेरा वळवला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

समितीत तिघं. अध्यक्ष मोतीलाल आबा, पिंपळनेर संघाचे व्यवस्थापक रुपचंद भाऊ आणि मी. मंडपातल्या पडद्यावर आम्ही शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ अकरा वेळा पाहिला, त्यात चार वेळा संथ गतीने. पाहुण्यांचं कोपर आणि नारळाची शेंडी यांच्या फटीतून अर्धा सेकंद एक बूट दिसतो.

"हा बघा!" आबा ओरडले. "हा यांच्या पोराचा बूट. घातला ना पाय मधे!"

"आबा, तो बूट तुमनाच शे," रुपचंद भाऊ मंडपातल्या सगळ्या बघ्यांकडे हात करून म्हणाले. "बठ्ठा लोके देखी राहिनात. काय बोलतस!"

"पियुष, तो नारळ जरा बाजूला घे."

"आबा, झालेल्या व्हिडिओतला नारळ सरकत नसतो."

"मग एवढं भाडं कशाचं घेतोस?" आबा म्हणाले. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मग माईकवरून जाहीर आवाहन केलं, की ज्यांच्याकडे घटनेचं चित्रण असेल त्यांनी समितीसमोर यावं. एकशे सदतीस मोबाईल जमा झाले. एकूण एक तपासले. बत्तीस जणांनी पाहुण्यांचा सत्कार टिपला होता. एकशे चार जणांनी स्वतःचा चेहरा टिपला होता, मागे मैदान, तेही पुसट. उरलेल्या एकात घटना स्पष्ट होती. पण त्या पोराने तेवढ्यात तिचं स्टेटस ठेवलं होतं, आणि दोघांच्या पायांवर बरोबर एक मोठा पेटता गोळा चिकटवला होता. वर गाणं. मूळ चित्रण त्याने मोबाईलमध्ये जागा पुरत नाही म्हणून पुसून टाकलं होतं.

पाच वीसला भरीत झालं. थंडीचे दिवस, तुराट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या आणि समोर प्रमुख पाहुणे. भरीत गार करणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. सुनावणी चाळीस मिनिटं तहकूब केली. कुणी आम्हाला निर्दयी म्हणू नये म्हणून सांगतो, तेजसलाही एक द्रोण पाठवला. रेघेच्या आत ठेवला. त्याने हात लावला नाही, ही त्याची मर्जी.

भरीतानंतर डोकी चालू लागली. रुपचंद भाऊंनी घटनेची पुनर्रचना सुचवली. त्यांचा गडी पुन्हा आडवा येईल, तेजसने पुन्हा पडून दाखवावं. त्यांचा गडी तयार होता, बिचारा बूट बांधून उभाही राहिला. तेजसला विचारलं तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. 'खेळाडूचे असहकार्य' असं मी लिहिलं.

शेवटी वाट दाखवली तोताराम सरांनी. "सोपं आहे. पाय मोडला असेल तर पाडला. मोडला नसेल तर सोंग."

हे सगळ्यांना एकदम पटलं. इतका सरळ विचार आधी कसा सुचला नाही, असं आबाही म्हणाले. क्षणात मैदानाचे दोन भाग झाले. पिंपळनेरचे पाहुणे "ऊठ, भाऊ, ऊठ, काही नही व्हयेल तुले!" असं मायेने म्हणू लागले. आणि आमचं गाव, ज्याने त्या पोराला अंगाखांद्यावर खेळवलं, ते हात जोडून पाय मोडलेला असू दे म्हणून उभं राहिलं. दोन-चार म्हातारे तर मारुतीला नारळ बोलले.

मी जबाब घ्यायला रेघेपाशी गेलो. थंडी वाजत होती, तरी तेजसच्या कपाळावर घाम होता.

"तेजस, पाय मोडलाय का?"

"नाही, काका," तो घाईने म्हणाला. "नसेल मोडला. मुरगळला असेल. एकोणीसला ग्राउंड आहे ना माझं."

मागून गलका झाला. "अरे, मोडला म्हण! गद्दार कुठला! गावाचं खातो आणि पिंपळनेरचं बोलतो!"

"दोन-तीन दिवसांत बरा होईल ना, काका?"

मी म्हणालो, "समितीला अंदाज वर्तवता येत नाही."

सहा दहाला ट्रॅक्टर आला. कुणी बोलावला कोण जाणे. ट्रॉलीत कापणीच्या टोळीतल्या चार बायका आणि पुढे सुगंधाबाई, हातात अजून कोयता. ती सरळ चालत आली आणि तिच्या पायाने फक्कीची रेघ पुसली गेली.

"सुगंधाबाई, थांबा. निर्णय व्हायचाय. कलम सात..."

तिने पोराचा पाय पाहिला. मग आमच्या तिघांकडे पाहिलं. आबांच्या हाताला अजून भरीत लागलेलं होतं.

"नाना," ती मला म्हणाली, "केळीच्या घडाले डाग पडू नये म्हून आम्ही खाली पाला टाकतो. तुम्ही माह्या पोराच्या भवती चुना टाकला. सव्वा तास! एकाच्याही पोटात माया नही का रे बाप्पा?"

मी नियमावलीची पानं पुन्हा उलटली. बायकांनी ट्रॉलीत केळीचा पाला पसरला, घड उचलतात तसं खालून हात घालून तेजसला उचललं आणि जळगावला नेलं. 'पुरावा विनापरवानगी हलवला' असं मी लिहिलं. ते दोनदा गिरवावं लागलं. थंडीत पेन चालत नाही.

सात वाजता मीच फोन लावला. स्पीकरवर टाकला, पारदर्शकता हवी. 

"सुगंधाबाई, पायाच्या एक्स-रेत काय आलं?"

"मोडला, नाना. दोन ठिकानी. डॉक्टर म्हने, लवकर आनता तर..."

"मोडला ना? नक्की? तसं कागदावर लिहून दिलंय ना त्यांनी?"

फोन बंद झाला.

मी माईकवर जाहीर केलं. मंडळी, काय सांगू! असा जल्लोष असोद्याने पाहिला नव्हता. "मोडला रे मोडला!" म्हणत माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. हलगी वाजली, गुलाल उडाला, आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपचंद भाऊंनी मान खाली घालून पेनल्टी मान्य केली. ट्रॅक्टरचे दिवे गोलवर टाकून ती घेतली गेली. सर्व काही नियमानुसार.

एकोणीस तारीख आली आणि गेली. चौकात तेजसचा फलक लागला: 'गावासाठी पाय देणारा वाघ'. फोटोत तो दोन्ही पायांवर उभा आहे. मी त्याच्या घरी जबाबावर सही घ्यायला गेलो, तेव्हा तो खाटेवर पाय उंच करून पडला होता. जबाब न वाचताच त्याने सही केली.

"काका, पुढच्या भरतीला पळता येईल का हो मला?"

मी कागद घडी करून खिशात घातला. चहा न घेता निघालो. 

हा सगळा वृत्तान्त परवा जळगावला माझ्या जुन्या कार्यालयात वाचून दाखवला. नऊ जण होते, सगळे शिकलेले, बालबच्चेवाले. वाचून झाल्यावर मी कागद मिटले. मग नऊच्या नऊ जण एकदम म्हणाले, "अहो, पण पेनल्टीवर गोल झाला की नाही, ते राहिलंच की!"

खरंच राहिलं होतं. तुम्हीही मघापासून तेच शोधताय, मला ठाऊक आहे. झाला. गोल झाला, डाव्या कोपऱ्यात. आता आणखी कुणाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. मी बसलोय.