क्राऊनला दात किती?

आमच्या शेजारच्या हणमंतनानांकडे कुणी गाडी घेऊन आलं, की नाना आधी पाहुण्याला 'या' म्हणत नाहीत. मागच्या चाकाशी उकिडवे बसतात, टायरवरचे आकडे वाचतात आणि तिथूनच ओरडतात, "क्राऊनला दात किती?"

पाहुणा वाकून चाकाकडेच बघतो. मग नाना उठतात.

"सोताच्या तोंडातलं म्हाईत हायत, गाडीचं न्हाईत? आन् चालवतोस व्हय रं?"

नाना लष्करात गाड्यांच्या दुरुस्तीला होते. निवृत्त होऊन जत तालुक्यातल्या आमच्या गावी परतले ते हा प्रश्न घेऊनच. क्राऊन म्हणजे आसातलं मोठं दातेरी चक्र. पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं धाकटं. दोघांच्या दातांवर ठरतं, गाडी पळणार की चढणार. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे तोंडपाठ आहे, यावरून काय ते ओळखा.

एकदा सांगलीकडचा एक ऊसवाला जीपला कमरेएवढी टायरं लावून यात्रेला आला. नानांनी त्याला भर रस्त्यात अडवलं.

"टायर वाढवलंस म्हंजे चाकाची ढांग वाढवलीस. दात बदलल्यात का? न्हाई! मग इंजिनानं ही ढांग टाकायची कशी? क्लच जळल्याचा वास येतोय, नाक हाय का न्हाई?"

"आवं नाना, दिसती कशी बघा की!"

"लग्नाला निघालीय व्हय ती?"

मग नानांनी स्वतःच लष्कराच्या लिलावातला एक जुना, छोटा ट्रक आणला. चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेला. त्याचे मूळ दात क्राऊनला सदतीस, पिनियनला सात. "पळायची जोडी," नाना तुच्छतेनं म्हणाले. त्यांना हवी होती एकेचाळीस-सहा. पुढच्या आसाला एक, मागच्याला एक. सांगलीतल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मी सोबत होतो. दुकानदार म्हणाला, "ही जोडी टाकली तर गाडी बैलगाडीगत चालंल, काका."

नाना भडकलेच. "मग? पळवायची हाय कुनाला? जो तो पळवायच्या मागं! हळू जायाचं कुनाला कळतंच न्हाई!" आणि दोन्ही जोड्यांचे दात त्याच्यासमोर तीनदा मोजले.

टायरचा वाद महिनाभर चालला, तोही स्वतःशीच. उंच घ्यावं तर दातांनी कमावलेला जोर टायर खाणार. बुटकं घ्यावं तर आसाच्या मधला, दातेरी चक्रांचा गोळा दगडावर आपटणार. मी सहज म्हणालो, "नाना, मोठंच घ्या की." चार दिवस माझ्याशी अबोला. शेवटी मूळ मापाहून एकच नंबर उंच टायर बसलं, तेही हवा कमी ठेवून.

"दगडावर बसलं पायजे, उडाय न्हाई पायजे!"

एका सकाळी हाक आली. "मास्तर, चला." बघतो तर ट्रकच्या पुढच्या सीटवर गादी, उशा आणि मधोमध काकू, नानांच्या मंडळी. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. जरा धक्का बसला की डोळ्यांत पाणी येतं. त्यांचं माहेर समोरच्या डोंगरावरची मेंढपाळांची वस्ती. वाट म्हणजे नुसते दगड. सहा वर्षांत त्या वर गेल्या नव्हत्या.

ट्रक अक्षरशः चालत निघाला. मी मागच्या हौद्यात उभा. एक मेंढी आम्हाला मागं टाकून गेली. चाक दगडावर चढायचं, थांबल्यासारखं व्हायचं, अलगद उतरायचं. दर दगडाला नानांचा आवाज:

"धक्का बसला का गं?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हंते न्हवं! म्होरं बघा."

वर काकूंची आई दारात बसली होती. नव्वदीची, डोळे गेलेले. लेकीचा आवाज ऐकला आणि भिंतीला धरून उठली. दोघी कितीतरी वेळ कानडी-मराठीत बोलत राहिल्या. मग म्हातारीनं विचारलं, "कुनी आनलं तुला?"

काकूंनी नानांना हाताला धरून पुढं ओढलं. म्हातारीनं चाचपत त्यांचं तोंड दोन्ही हातांत घेतलं.

अख्ख्या गावाशी भांडलेला तो माणूस कमरेत वाकून उभा राहिला, आणि तिचे हात आपणहून निघेपर्यंत जरासुद्धा हलला नाही.