‘येते हं’ म्हटल्यावर

निघताना रंभाताई सुर्वे ‘येते हं’ म्हणाल्या, म्हणून पोर्तुगालमधली एक खानावळ त्यांच्यामागून विमानतळापर्यंत चालत आली.

खानावळ काही मोठी नव्हती. मोजकी टेबलं, एक चूल, दाराभोवती निळ्या फरश्या. सहलीतली बाकीची मंडळी हर्षल केळसकरच्या झेंड्यामागे जाऊन डब्यातला उपमा गिळत होती. रंभाताईंचं नाक चिपळूणचं. वास आला तशा त्या गल्लीत वळल्या. भाजलेली तारली, वर नुसतं मीठ. मसाल्याविना मासा म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं त्या जन्मभर ठणकावून सांगत आल्या होत्या. ताट चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी ते मत मागे घेतलं. मत मागे घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हे.

‘पाव’ मागितला तो मालक आल्बेर्तुला लगेच कळला. तेव्हा बाकीचं मराठीही कळत असणार असं धरून त्या उठताना सवयीने ‘येते हं’ म्हणाल्या. आल्बेर्तुने फोनला अर्थ विचारून तो खानावळीला सांगितला. बाई येते म्हणतेय आणि चालतेय उलट्या दिशेला, म्हणजे आपणच पुढे जाऊन उभं राहायला हवं, असं खानावळीने सरळ ताडलं.

विमानतळावर हर्षल काकुळतीला आला. “काकू, चेक-इनची खिडकी बंद होईल आता. ‘जाते’ म्हणा, की ही परत फिरेल. आल्बेर्तुच सांगतोय.”

“जाते म्हणू?”

“एक शब्द तर आहे.”

“तुझी आई म्हणते का, घरातून निघताना?”

हर्षलने चष्मा पुसला.

“आमचे हे एकदाच घाईत ‘जातो’ म्हणाले,” रंभाताई म्हणाल्या. “दूध आणायला निघाले होते. ते गेलेच.”

“मग ‘निघते’ म्हणून बघा.”

त्यांनी म्हणून पाहिलं. खानावळीने बाहेरच्या खुर्च्या आत घेतल्या आणि तीही निघायला तयार झाली.

परवा नातीचं डोहाळजेवण. विमान चुकलं तर तेही चुकणार, आणि पोरगी आजीची वाट बघत बसणार. पण तोंडाने ‘जाते’ म्हणून वर ढगात चढायचं, हे रंभाताईंना मान्य नव्हतं. त्या हर्षलला बाजूला सारून खिडकीपाशी गेल्या.

“ही माझ्याबरोबर आहे,” त्या म्हणाल्या. हर्षलने ते इंग्रजीत सांगितलं.

खिडकीतल्या बाईने खानावळ खालपासून वरपर्यंत न्याहाळली. “सामानात नाही घेता येणार. चूल पेटलेली आहे.”

“सामान कोण म्हणतंय? माणसांत घ्या.”

“घेऊ. खिडकीजवळची जागा हवी का?”

“खिडक्या तिच्या तिला आहेत. मधली द्या.”

“काकू,” हर्षल हळूच म्हणाला, “चिपळूणला हिला ठेवणार कुठे?”

“दारात आलेल्या पाहुण्याला असं विचारतात होय रे?”

विमानात खानावळीला पट्टा पुरेना, तेव्हा हवाईसुंदरीने जोडपट्टा आणून दिला. आत कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा कोळी बसला होता. त्याचं मुंबईला काहीच काम नव्हतं, पण सूप अजून अर्धं उरलं होतं.