लिफ्टच्या नोंदीतले पाच ओउयांग

सूचना ही भिंतीवर चिकटवेपर्यंतच सूचना असते. चिकटवली की ती भिंत होते. आमच्या चिंगह वसाहतीच्या कमिटीला हे फार पूर्वीच उमगलं असावं, कारण सूचना वाचा असा आग्रह तिने कधी धरला नाही. आग्रह असतो तो सहीचा. गेल्या वर्षी बॅटरीसुरक्षेच्या पत्रकावर सहा नंबरच्या इमारतीतल्या शंभर टक्के कुटुंबांच्या सह्या झाल्या. (शंभर टक्के, कारण सहा नंबरची जिनाप्रमुख मी आहे, आणि जी घरं बंद होती त्यांच्या सह्या मी केल्या. तीन वेगवेगळ्या पेनांनी. काम करायचं तर मन लावून करावं.)

पत्रक चांगलं होतं, हे मी अभिमानाने सांगते. प्लास्टिकमध्ये मढवून ते लिफ्टमध्ये लावलं गेलं. वरच्या बाजूला फरशी बसवून देणाऱ्याची आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आधीच होती, म्हणून पत्रक कमरेच्या उंचीवर आलं. त्यात सात नियम होते. एक, जिन्यात, दारात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर बॅटरी चार्जिंगला लावू नये. दोन, गाडी फिरवून आल्या आल्या लावू नये, आधी निवू द्यावी. (आमच्याकडे निवू देतात तो फक्त चहा, तोही नाइलाजाने.) तीन, ज्या बॅटरीचा चार्जर तिलाच लावावा. चार, भरली की काढावी. आपण झोपलेलो किंवा बाहेर गेलेलो असताना लावून ठेवू नये. पाच, फुगलेली, आपटलेली, भिजलेली बॅटरी वापरू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, जमा करायच्या ठिकाणी द्यावी. सहा, चार्ज होत असताना पांघरूण, गादी, उशी यांपासून लांब ठेवावी. सात, धूर आला तर हात लावू नये. जमलं तर वीज तोडावी, दारं लावून घ्यावी, सगळ्यांनी जिन्याने खाली जावं, ११९ ला, म्हणजे अग्निशमन दलाला, फोन करावा.

एवढं स्पष्ट लिहिल्यावर लोकांनी बॅटरीच्या दुचाकी गाड्या वर न्यायला सुरुवात केली.

त्यात लोकांचा दोष नाही. खाली चार्जिंगची शेड आहे आणि तिच्यात बारा सॉकेट आहेत. गाड्या तीनशे चाळीस. बारातली तीन बंद, एकावर कमिटीच्या तळ्यातल्या माशांचा पंप. (मासे मेले. पंप चालू आहे.) म्हणून गाडी लिफ्टने वर, आणि खिडकीतून वायर बाहेर ओढून मजल्यावरच्या बोळात चार्जिंग, अशी सोय ज्याने त्याने करून घेतली. यावर देखभाल कार्यालयाचे शेन साहेब यांनी आधुनिक उपाय काढला. लिफ्टमध्ये डोळा बसवला. गाडी आत आली की लिफ्ट ती ओळखते, दार उघडंच ठेवते, जागची हलत नाही आणि एका गोड बाईच्या आवाजात म्हणते, "कृपया वाहन बाहेर काढा. सर्वांच्या जिवासाठी." मग शेन साहेब येऊन किल्ली फिरवतील तेव्हाच ती चालू होते. शेन साहेब चहा संपवून येतात. सरासरी चाळीस मिनिटं.

लिफ्टने पहिल्याच दिवशी वाहन पकडलं. ते अकराव्या मजल्यावरचे ओउयांग आजोबा होते.

आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे, थर्मासच्या कारखान्यातून निवृत्त, बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीत बसणारे. लिफ्टचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. चाकं आहेत, दांडी आहे, सीटखाली बॅटरीचा डबा आहे.

"अहो बाई, मी माणूस आहे," आजोबा लिफ्टला म्हणाले.

"कृपया वाहन बाहेर काढा," लिफ्ट म्हणाली.

आजोबांना खाली जायची घाई होती. नऊ वर्षं ते रोज सकाळी फाटकाजवळच्या कापराच्या झाडाखाली लुओ आजोबांशी बुद्धिबळ खेळतात. हे लुओ म्हणजे पूर्वीचे बसचालक, त्यामुळे वेळेचे कडक. नवाच्या ठोक्याला जो पटावर नाही, तो हरला. बरोबरीत सुटलेले डाव सोडले तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघांचे सहाशे नऊ-सहाशे नऊ डाव झाले होते, आणि एकतीस तारखेला लुओ आजोबा कायमचे मुलाकडे उरुम्चीला निघणार होते. नऊ वर्षांचा निकाल त्या महिन्यात लागायचा होता, आणि निम्मा संघ लिफ्टमध्ये अडकला होता.

आजोबांनी कमिटीकडे अर्ज केला. अर्जाचा विषय: 'मी वाहन नसल्याबाबत.' कमिटीने सहानुभूतीने विचार केला. खुर्चीसकट तीन बाजूंनी फोटो मागवले, खुर्चीविना एक. (खुर्चीविना उभं राहता येत नाही असं आजोबांनी कळवल्यावर आडवा फोटो चालेल असं उत्तर आलं.) अठरा दिवसांनी लिफ्टला ओउयांग शिकवण्यात आले.

त्या अठरा दिवसांत आजोबा दहा वेळा अडकले आणि दहा डाव न खेळता हरले. उरलेले आठ त्यांनी जिद्दीने जिंकले, पण गणित तुम्हालाही येतं.

आता, लिफ्ट नक्की काय शिकली हे कोणीच तिला विचारलं नाही. फोटोत आजोबांच्या डोक्यावर राखाडी टोपी होती आणि मांडीवर निळ्या चौकड्यांचं पांघरूण. लिफ्टने माणूस सोडून एवढंच लक्षात ठेवलं. हा शोध लागला आमच्या फानताईंना.

फानताई आजोबांच्या समोरच राहतात आणि पहाटेपासून चौकात कांद्याच्या पातीची धिरडी विकतात. पन्नास किलोचं पिठाचं पोतं एका खांद्यावर घेतील, पण गाडीची बॅटरी खाली ठेवणार नाहीत. त्यांनी गाडीच्या आरशावर टोपी अडकवली, सीटवर चौकड्यांचं पांघरूण टाकलं आणि आत ढकलली.

"शुभ प्रभात, ओउयांग आजोबा," लिफ्ट म्हणाली आणि दार लावलं.

आठवड्याभरात बाजारात राखाडी टोप्या मिळेनाशा झाल्या. एका मंगळवारी लिफ्टच्या नोंदीत ओउयांग आजोबा चौदा वेळा वर गेले आणि नऊ वेळा खाली आले. यावरून इमारतीत पाच ओउयांग मुक्कामाला आहेत असा निष्कर्ष काढून कमिटीने माझ्याकडे पाहुण्यांच्या नोंदणीचे पाच फॉर्म पाठवले. मी ते भरले. एका दमट दुपारी खऱ्या ओउयांगांनी टोपी काढली, तेव्हा मात्र लिफ्टने त्यांना लगेच बाहेर काढलं.

"फानबाई, तुमची गाडी माझ्यापेक्षा जास्त माणसात आली हो," आजोबा म्हणाले.

"आजोबा, टोपी घालत जा ना. आम्ही नाही घालत?"

एकतीस तारखेला सकाळी साडेआठला मी नव्या वर्षाच्या पत्रकावर सही घ्यायला आजोबांच्या दारात उभी होते. गुण सहाशे एकवीस-सहाशे एकवीस झाले होते, कारण नंतर दोन दिवस लुओंना निरोपाच्या जेवणाचं अपचन झालं होतं आणि आजोबांनी त्याचा गैरफायदा घेतला होता. शेवटचा डाव नऊ वाजता. आजोबांनी धुतलेला सदरा घातला होता.

"सही करा, आजोबा."

"वाचून करतो."

"कशाला? मागच्या वर्षीचंच आहे."

"माहीत आहे. पाठ आहे मला. एक काना कमी आहे का ते बघतो."

तेवढ्यात बोळात शिट्टीसारखा आवाज झाला. फानताई नुकत्याच धंद्यावरून परतल्या होत्या. गाडी गरमागरम, तशीच चार्जिंगला, बोळात, जिन्याच्या तोंडाशी. चार्जर दिराच्या तीनचाकीचा. आणि बोळातल्या कॅमेऱ्याला संशय नको म्हणून टोपी आणि पांघरूण तसंच अंगावर. सातांपैकी चार नियम एका पांघरुणाखाली. त्याखालून पांढरा धूर येत होता.

मी जिनाप्रमुख. मी धावत आग विझवायच्या लाल बादल्यांकडे गेले. बादल्यांतल्या वाळूत कांद्याची पात लावलेली आहे. (छान येते. ती फानताईंच्या धिरड्यांत जाते आणि धिरडी आम्ही सगळे खातो, तेव्हा तक्रार कोणी करायची?) बादली उलटी केली तर पात, मुळं आणि वाळू असा एकसंध केकच निघाला आणि माझ्या पायावर पडला. शेजारपाजारचे बाहेर आले. तिघांनी मोबाईल काढले, एकाने फानताईंना विचारलं, "काकू, आज धिरडी इथेच का?"

"गप्प बसा सगळे!" आजोबा ओरडले. नऊ वर्षांत पटावरसुद्धा ते ओरडले नव्हते. "फान, हात लावू नकोस! गाडी गेली, जाऊ दे!" आणि खुर्ची पुढे घेऊन त्यांनी आपल्या दाराजवळच्या मीटरच्या पेटीतला तिचा खटका खाली ओढला. "दारं लावा. जिन्याने चला, दुसऱ्या तोंडाने. धुरात थांबू नका. रेन, तू जिनाप्रमुख, ११९ लाव. लिफ्टला कोणी हात लावायचा नाही!"

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं की आजोबांना जिना उतरता येत नाही.

"तुम्ही व्हा पुढे," आजोबा म्हणाले. "किती वाजले?"

"आठ बेचाळीस," मी म्हटलं.

फानताई पुढे आल्या. पाठ वळवून खाली बसल्या, आजोबांना पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि चालू लागल्या. अकरा मजले. सातव्यावर त्या रडायला लागल्या.

"आजोबा, चुकलं हो माझं."

"मग सावकाश उतर. घाम गळतोय की डोळे, कळत नाही मला."

"एवढं सगळं तुम्हाला कसं काय पाठ?"

"अगं, चाळीस-चाळीस मिनिटं बसवायची ती बाई मला. पत्रक नेमकं माझ्या डोळ्यांसमोर. दुसरी जाहिरात गुडघ्याच्या तेलाची, ती वाचवत नव्हती."

आठ सत्तावन्नला ते कापराच्या झाडाखाली पोहोचले. लुओ आजोबा मनगटावरचं घड्याळ बघत पटासमोर बसले होते. मागे अग्निशमनाची गाडी फाटकातून आत शिरत होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"गाडी बदललीस वाटतं?" ते म्हणाले.

"हिला लिफ्ट अडवत नाही. चाल कर."

आग विझली. बोळाची भिंत काळी झाली, पाच ओउयांगांपैकी एक जळाला, माणूस एकही नाही. डाव मात्र संपला नाही. बारा वाजता लुओंचा मुलगा आला, गाडीची वेळ झाली होती. लुओंनी डाव मोडला नाही, आपल्या काळ्या सोंगट्या एकेक करून कागदाच्या पिशवीत भरल्या आणि प्रत्येकीची जागा आपल्या वहीत लिहून घेतली. आजोबांच्या लाल इथे राहिल्या. आता दोघांनाही दुसऱ्या कोणाशी खेळता येत नाही. फोनवर दिवसाला एक चाल होते, नवाच्या आत.

कमिटीच्या अहवालात या घटनेचं श्रेय जनजागृतीला देण्यात आलं. सहा नंबरच्या शंभर टक्के रहिवाशांनी पत्रकावर सही केल्यामुळेच अनर्थ टळला, असं त्यात म्हटलं आहे. मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली होती: ज्याला पत्रक वाचायला लावायचं आहे, त्याला वर्षातून एकदा चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये बुटक्या स्टुलावर बसवावं. प्रस्ताव विचाराधीन आहे. स्टूल आलं आहे. शेन साहेब त्यावर चहा पितात.

तोवर वाचनाचा प्रसार दुसऱ्या मार्गाने करावा, म्हणून मी हे लिहिलं. सातही नियम वर दिले आहेत, क्रमाने, शब्दाला शब्द. तुम्ही ते वाचलेत, मी बघत होते. आमच्या लोकांना हसलातही. तर आता मागे न बघता सहावा नियम सांगा.

मागे बघू नका म्हटलं ना.

असू द्या. नुसतं नाव सांगा तुमचं. पेनं माझ्याकडे तीन आहेत.